पिंगळ्याचे पंख

धुळे,
६ मे १९९१

चि. निंबास,

"उघडून बघितलं की भीती जाते, अक्का. मग ती नुसती वस्तू राहते."

हे तू सहावीत असताना म्हणाला होतास. गोठ्यामागे मेलेला पिंगळा सापडला होता. मी त्याच्या ओरडण्याला भ्यायचे, म्हणून तू आबांचा वस्तरा चोरून आणलास, मला त्याचे पंख धरायला लावलेस आणि त्याचं डोकं उघडलंस. कवटी पापडासारखी पातळ होती. माझी भीती खरंच गेली. पुढे कितीतरी दिवस मला त्या पिंगळ्याची आठवण येत राहिली, ते मात्र मी तुला कधी सांगितलं नाही.

तुला, प्रमिलेला आणि हर्षलला आशीर्वाद. तुझं कार्ड शुक्रवारी पोचलं. सगळे बरे आहात हे वाचून बरं वाटलं. प्रमिलेच्या गुडघ्याचं तेल मी आणून ठेवलंय, जळगावला जाणारं कुणी भेटलं की पाठवते. इकडे ऊन असं की दुपारी नळाला हात लावता येत नाही. कुरडया झाल्या. यंदा चीक छान उतरला. हे संध्याकाळी अंगणात पाणी मारतात, खाट टाकतात आणि रेडिओ लावून झोपी जातात. रेडिओ बंद केला की जागे होतात.

कार्डात तू आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, माहेरी बोलावलंस. मला न्यायला मुराळी म्हणून हर्षलला पाठवतो म्हणालास. आणि खाली, जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरात: 'दुरपीला उन्हात आणू नकोस. यंदा शिबिरात तिला घेता येणार नाही. पालक विचारतात.'

पालक काय विचारतात ते तू लिहिलं नाहीस. मी त्याचंच उत्तर लिहायला बसले होते. बघ, आधी कुरडयांचं लिहिलं.

मागच्या आखाजीला मी पोरीला तुझ्याकडे ठेवून आले, तेव्हा ती किती खुशीत होती हे तू पाहिलं आहेस. मामाचं मेंदूचं शिबिर! भिकुबाई शेजारीण म्हणाली होती, "डोकामा काय शे ते डोकं उघडीसन शिकाडतस का व माय?" दुरपी म्हणाली, "हो मावशी, बकऱ्याचं." भिकुबाई तोंडाला पदर लावून पळाली. तिकडून दुरपीचं पत्र आलं. कणकेचा मेंदू केला. डोळे बांधून केसांच्या पिना टोचल्या, बोटाला दोन टोकं वेगळी कळतात आणि पाठीला कळत नाहीत. हर्षलच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली तर त्याची लाथ मामांना बसली. आणि बकऱ्याच्या कवटीतून मेंदू अख्खा, पातळ पडदा न फाटता, एकट्या तिलाच काढता आला. 'आई, तो हातात घेतला तेव्हा लोण्याच्या गोळ्यासारखा वाटला, पण थंड. मामा म्हणाले, हा हात सर्जनचा आहे.'

तू तसं म्हणाला होतास ना? की तिनं आपल्या मनानं लिहिलं? आता विचारते, कारण नंतर तिनं तुझ्याबद्दल सांगितलेल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास बसेना. मला वाटायचं, पोर काहीतरी चुकीचं समजली असेल.

तिला आकडी येते, फिट येते, हे आपल्या चौघा मोठ्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. शाळेत आम्ही चक्कर म्हणून सांगायचो. गोळीचं नाव तूच लिहून दिलं होतंस, वेळेवर दे, चुकवू नकोस म्हणून बजावलंही होतंस. दीड वर्षात तिला एकदाही आकडी आली नव्हती. म्हणून तर मी तिला ठेवून आले.

मेंदूतल्या विजेचा धडा आला तेव्हा तू तिला बाजूला घेऊन विचारलंस, सगळ्यांना सांगू का. ती हो म्हणाली. मामा विचारतो आणि तेरा वर्षांची भाची नाही म्हणते, असं आपल्याकडे कुणाच्या घरात झालंय? तू तिला पुढे खुर्चीवर बसवलंस. जे सांगितलंस त्यात एक शब्द खोटा नव्हता. हे अंगात येणं नाही, हा संसर्ग नाही. मेंदूत वीज भलतीकडे धावते आणि आपोआप थांबते. चप्पल हुंगवू नका, कांदा फोडू नका, माणसाला कुशीवर वळवा आणि वाट बघा. आणि कशानं येते तेही सांगितलंस. गोळी चुकली तर. झोप कमी झाली तर. डोळ्यांपुढे उजेड सारखा लागत-विझत राहिला तर.

तुझ्या मागे भिंतीवर शिबिराचं कापड लावलेलं होतं. 'कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः करून पाहा.'

निंबा, मुलं तुझी आज्ञाधारक निघाली.

समारोपाला मी धुळ्याहून आले. एस.टी. पारोळ्याला बंद पडली म्हणून उशीर झाला. मी आले तेव्हा दुरपी हॉलच्या शेवटच्या रांगेत तोंडाला रुमाल लावून बसली होती. पुढचा दात अर्धा तुटलेला. तू म्हणालास, "पायरीवर पडली गं अक्का, काळजीचं काही नाही." स्टेजवर तू हर्षलला पहिलं बक्षीस दिलंस. कशाबद्दल, तर अखंड मेंदू काढल्याबद्दल. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या भाच्याचं कौतुक होत होतं. शेजारी दुरपी पण वाजवत होती, एका हातात रुमाल धरून.

पायरीचं मी मानलं. तू सांगितलंस म्हणून.

शाळा सुरू झाली. तिच्या वर्गातली एक मुलगी शिबिराला होती हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात दुरपीच्या बाकावर चप्पल ठेवलेली निघाली. "दुरपे, तुझं औषध आलंय बघ." "आधी नमस्कार कर, मग हुंग." वर्गाच्या बाईंनी चप्पल उचलायला लावली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुला खरंच होतं का गं तसलं?" ती म्हणाली, "हो बाई, टेंपोरल लोबमध्ये, कानाच्या वर." वर्ग हसला. बाई पण हसल्या. तेव्हापासून तिला टेंपो म्हणतात.

आता आकड्या महिन्या-दोन महिन्यांनी येतात. डॉक्टरांनी गोळी वाढवली. ती सकाळी सुस्त असते. एकदा अंगणातच आकडी आली, तर भिकुबाई ओरडली, "चप्पल आना रे पयले, देखी काय ऱ्हायनात!" तिची माया खरी होती, ती धावत आली, रडली. मी तिला नको म्हटलं आणि दुरपीला कुशीवर वळवलं, तू शिकवलंस तसं.

दात पायरीवर तुटला नाही, हे मला संक्रांतीला कळलं. आम्ही दोघी तीळ निवडत होतो. ती मान वर न करता म्हणाली, "आई, मीच झोपले होते चटईवर. त्यांनी जबरदस्ती नाही केली."

मी विचारलं, "कुणी?"

"हर्षलदादा आणि बाकीचे. जेवणानंतर, सामानाच्या खोलीत. दादा म्हणाला, तू विज्ञानाला घाबरतेस का? गोळ्या मीच त्याला आदल्या दिवशी काढून दिल्या होत्या. तो म्हणाला, गोळी घेतलीस तर प्रयोग कसा होणार."

खिडकी लावून घेतली. हर्षलनं टॉर्चचं बटण तिच्या डोळ्यांसमोर चालू-बंद, चालू-बंद केलं. वाट बघून मुलं कंटाळली होती, तिला वाटलं आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय. तिला लाज वाटत होती, निंबा, आकडी येत नाही म्हणून. शेवटचं तिला आठवतं ते एवढंच. एक मुलगा म्हणत होता, "चप्पल लाव," आणि हर्षल म्हणत होता, "थांब रे, आधी बिनचपलेचं."

दात स्टुलाच्या पायावर आपटला.

इथवर मी तीन वेळा लिहून फाडलं आहे. इथवर ही मुलांची गोष्ट आहे. मुलं अशी करतात. आपणही पिंगळा फाडला होता. एवढंच असतं तर मी हर्षलला समोर बसवून विचारलं असतं, त्याचा कान पिळला असता आणि त्याच्या हातावर कुरडईही ठेवली असती.

दुरपी पुढे म्हणाली, "आई, मी डोळे उघडले तेव्हा मामा दारात होते. घड्याळ बघत होते."

मी म्हटलं, "तेव्हाच आले असतील गं, ओरडा ऐकून."

"नाही. मुलगी एक रडत होती, ती म्हणत होती, सर, थांबवा ना, सर, कधीचे उभे आहात. मामा म्हणाले, बघितलंत? आपोआप थांबली. चप्पल लावा, नका लावू."

चप्पल तिच्या तोंडाजवळ पडलेली होती. ती तुझी होती. हॉलबाहेर काढून ठेवलेली मुलांनी उचलून आणली होती. तू आत आलास, ती पायात घातलीस आणि निघून गेलास.

मी इथल्या डॉक्टरांना विचारलं, आकडी येत असताना घड्याळ बघतात का. ते म्हणाले, बघावं, किती वेळ टिकली ते कळतं. मला क्षणभर इतकं बरं वाटलं! माझा भाऊ बरोबर वागला. मग ते म्हणाले, "पण आधी कुशीवर वळवायचं. रक्त, लाळ घशात गेली तर?" तुला ते ठाऊक होतं. आदल्या दिवशी तूच शिकवलं होतंस. पण वळवलं असतंस तर मुलांना वाटलं असतं की हात लावल्यामुळे थांबली. धडा बिघडला असता. बरोबर ना?

ह्यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझं माहेर तुटेल.

आता दुरपीचं सांगते. ती दर रविवारी खाटकाकडून बकऱ्याचं डोकं आणते. मागच्या मोरीवर बसते. भिकुबाई भिंतीवरून बघते आणि म्हणते, "हाऊ काय धंदा लाया व माय तुनी पोरनी! पोर शे का खाटीक?" ती हसते. अर्धा दात दिसतो. मेंदू अख्खा बाहेर येतो, दर वेळी. ताटलीत ठेवून मला एकेक भाग दाखवते, आणि कानाच्या वरच्या भागाशी आली की सुरीचं टोक तिथं टेकवून म्हणते, "हा माझा." मग धुऊन भाजी करायला देते. मला खाववत नाही. ती खाते.

तुझं कार्ड तिनं वाचलं. मी लपवायला हवं होतं, पण पोस्टमननं तिच्याच हातात दिलं. वाचून म्हणाली, "आई, मामांना लिही. मला खुर्चीवर नाही बसायचं. मला टेबलाजवळ उभं राहायचंय, सुरी घेऊन, त्याच मुलांसमोर. मग मी नाही येणार परत कधी."

मला तिला पाठवायचं नाहीये. शिबिराचा शब्दसुद्धा या घरात निघू नये असं मला वाटतं. पण ती माझ्यापेक्षा धीट आहे. मी नुसते पंख धरले होते.

तर आखाजीला मला न्यायला कुणी पाठवू नकोस. मी येणार नाही. हर्षलला या घरी पाठवू नकोस. यंदाचा मुराळी दुरपीसाठी पाठव, आणि तो मुराळी तू हो. शिबिराच्या आदल्या दिवशी स्वतः ये, तिला घेऊन जा. पालकांनी विचारलं तर सांग की मागच्या वर्षी बक्षीस हिचं होतं. तिला एक डोकं दे आणि सुरी दे. काम करताना तिला आकडी आलीच, तर मुलांना बाहेर काढ, घड्याळ खिशात ठेव, खाली बस आणि तिला कुशीवर वळव. कुणी बघत नसलं तरी.

तू नाही म्हणशील. कार्डावर, उरलेल्या जागेत. मला माहीत आहे. तरी मागते आहे, ये.

दुरपीची आई