निकाली की नुरा

सोमवार, ९ नोव्हेंबर १९५३

"बी.ए. झालीस, आन् त्या कंपनीत करतीस तरी काय?" अप्पांनी जेवताना विचारलं. कंपनी जलसे भरवते, नाटकं आणते, कुस्त्यांची मैदानं घेते. शंभर माणसं राबतात. आणि मी? हँडबिलं लिहिते. "अफाट गर्दी! विराट मैदान!" — गर्दी जमायच्या आधीच. घरातली पहिली पदवीधर!

तरी लोकांपुढे चांगलं काही ठेवण्याचं काम आहे, असं मी मानते.

बुधवार, ११

२२ तारखेला कुस्त्यांचं मैदान. मोठी जोड — राधानगरीचा आकाराम आणि एक पंजाबी पैलवान. मालकांनी, म्हणजे आण्णांनी, मजकुराचा कच्चा कागद दिला. त्यात "निकाली कुस्ती". काय हा शब्द! कुणाचा निकाल लावायचाय? इतक्यात लाकडी आडभिंतीपलीकडून आण्णांचाच आवाज — "मोठी जोड नुरा हाय. कुठं बोलू नगा."

नूर म्हणजे तेज, एवढं मला येतं. किती सुंदर शब्द! आणि आण्णांचा विनय — कुठं बोलू नगा!

"निकाली" खोडलं. "भव्य नुरा कुस्ती" लिहिलं.

शनिवार, १४

हँडबिलं वाटत टांगा हलगी वाजवत पेठ वडगावपर्यंत गेला. लोक वाचतात आणि पोट धरून हसतात. का कोण जाणे!

सोमवार, १६

कळलं!! मैदानाच्या मातीत ताक, तेल, हळद कालवणाऱ्या मौलाचाचांना विचारलं. त्यांनी हातातलं खोरंच टाकलं.

"ताई, निकाली म्हंजे एकजण चीत हुईस्तवर. नुरा म्हंजे आधी ठरीवल्याली, लुटूपुटूची. तुमी तर गावाला सांगून मोकळ्या झाला की!"

"मग — ठरवलेलीच आहे?"

चाचांनी खोरं पुन्हा उचललं. "तासभर झोंबायचं, बरोबरीत सोडवायची. म्हंजे म्हयन्यानं पुन्ना तीच जोड, पुन्ना तिकिटं."

मला आधी हसू आलं. मग नाही आलं.

मंगळवार, १७

आण्णा — "ओ बी.ए. बाई! पंधरा वर्सं धंदा करतोय. खरं छापणारं माणूस पयल्यांदाच भेटलं!" सगळी कचेरी हसली. आण्णा हसले नाहीत. उद्या खुलासा छापायचा — छपाईची चूक, कुस्ती निकालीच. नाहीतर परवापासून मी घरी.

घरी अप्पा वाटच बघत होते. त्यांचे तालमीतले जुने पाच सोबती मैदान बघायला हातकणंगल्याहून येणार आहेत, अप्पांनीच बोलावलंय. "नुरा हाय व्हय गं? माणसं हासाय लागल्यात. मी म्हटलं, पोरगीला इचारतो. ती म्हनंल ते खरं."

मला तोंडानं सांगवेना. म्हटलं, "उद्या छापूनच येईल, अप्पा."

बुधवार, १८

खुलासा स्वतः लिहून सकाळीच छापखान्यात दिला. दुपारी टांगा सुटला, एव्हाना वडगावात असेल. कचेरीच्या कपाटाची माझ्याकडची किल्ली आण्णांच्या टेबलावर ठेवून आले. हँडबिलाखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायची कंपनीत पद्धत नाही. मी घातलं — नावापुढे बी.ए. आणि त्याच्या वरती एकच ओळ:

"खुलासा — मागच्या हँडबिलात छपाईची एकही चूक नाही."