तळ्याकाठी केशरी टोपी

७ मार्च, शनिवार

नशीब उघडलं. बँकेच्या लकी ड्रॉमध्ये आम्हाला महिलांच्या प्रोफेशनल गोल्फ स्पर्धेचा पास लागला. गुरुवार ते रविवार, चारही दिवस. हिने पाकीट आणून हातात ठेवलं. कुठल्या बँकेचा ड्रॉ, असं विचारलं. आपल्याच, म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

योगायोग असा की, याच स्पर्धेत आमचं कन्यारत्न एका खेळाडूची बॅग उचलतं. त्याला कॅडी म्हणतात. बँकेतली पर्मनंट नोकरी सोडून मुलगी दुसरीच्या काठ्या वाहते. स्टाफरूममध्ये मी 'स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये आहे' असं सांगतो. खोटं नाही. बॅग मॅनेज करते.

आठ महिने झाले, तिच्याशी बोललेलो नाही. रागावलेलो नाही. उपमुख्याध्यापकाला राग परवडत नाही. फक्त बोलत नाही.

प्लॅन: स्पर्धेनंतरच्या सोमवारी सकाळी अकराला आमच्या ट्रस्टींच्या इन्शुरन्स कंपनीत तिचा इंटरव्ह्यू ठरवला आहे. तिला अजून कल्पना नाही. स्पर्धेला जायचं, समजवायचं, रविवारी घेऊन यायचं. अख्ख्या शाळेला मी नुसत्या नजरेने वर्गात बसवतो. ही तर एकटी आहे.

ही म्हणाली, जा की, पण जाण्याआधी ते पोट जरा आत घ्या. संकल्प: उद्यापासून रोज पहाटे फिरणे.

९ मार्च, सोमवार

काल फिरायला गेलो नाही, रविवार होता. आज गेलो नाही, काल न गेल्यामुळे लय तुटली होती.

शाळेच्या लायब्ररीतून गोल्फचं पुस्तक आणलं. सोपा खेळ आहे. जो कमीत कमी फटके मारतो तो जिंकतो. म्हणजे जो कमीत कमी काम करतो तो. आमच्या स्टाफमधून दोन-तीन चॅम्पियन सहज निघतील.

हॉलमध्ये छत्री घेऊन स्विंग करून पाहिला. शोकेसची काच फुटली. ती मुळातच सैल होती.

वेषांतर हवं. मला आधीच ओळखलं तर कन्या सावध होईल. काळा गॉगल माझ्याकडे आहे. टोपी हिने आणली. केशरी, भडक. मी म्हटलं, अगं ही फार डोळ्यात भरते. तर म्हणाली, आयुष्यात कधी केशरी घातलंय का तुम्ही? मग हे तुम्ही आहात असं कोण म्हणेल? मुद्दा बिनतोड होता.

१२ मार्च, गुरुवार. संध्याकाळी, लॉजवर

पहिला दिवस. अत्यंत यशस्वी.

मैदान इतकं मोठं आहे की त्यातलं एक होल, म्हणजे एका खड्ड्यापर्यंतचा हिरवा पट्टा, जरी आमच्या शाळेला दिलं तरी आठवीच्या चारही तुकड्या आरामात बसतील. सगळीकडे दोरी. खेळाडू आत, आपण बाहेर. त्या चालल्या की आपण चालायचं, थांबल्या की थांबायचं. फटक्याच्या वेळी स्वयंसेवक 'शांतता' लिहिलेली पाटी वर धरतात.

शेजारच्या बाई नेमक्या तेव्हा बिस्किटाचा पुडा उघडत होत्या. मी 'शांतता!' म्हणालो. खणखणीत, शाळेतल्यासारखं. खेळाडू स्विंगच्या मध्यात थांबली. पाटीवाली माझ्यापाशी आली आणि तिने पाटी माझ्या नाकासमोर धरली. अठ्ठावीस वर्षं हा शब्द माझा आहे.

एक रिटायर्ड दाताचे डॉक्टर भेटले. घडीची खुर्ची बाळगतात. गोल्फचे जुने शौकीन आहेत, पण पाया कच्चा. मी त्यांना खेळ थोडा समजावून सांगितला. त्यांनी तोंड उघडं ठेवून ऐकलं. व्यवसायामुळे असेल.

कन्या दिसली. उन्हाने काळवंडली आहे. बॅग तिच्याएवढीच. कॅडीने अंगावर एक बनियनवजा कापड घालायचं असतं आणि त्यावर पाठीवर खेळाडूचं आडनाव. माझ्या मुलीच्या पाठीवर वीतभर अक्षरांत दुसऱ्याचं आडनाव! मी तिला माझं जन्मतःच दिलं होतं. ते कुठेच नव्हतं.

तिने मला ओळखलं नाही. टोपी काम करते आहे.

एक विचित्र गोष्ट. ती खेळाडूबाई प्रत्येक फटक्याआधी आमच्या मुलीला विचारते. मुलगी गवताच्या दोन काड्या तोडते, हवेत सोडते, कुठे उडतात बघते आणि काहीतरी थोडकंच सांगते. बाई मान हलवून तसंच करते. त्या बाईंमध्ये आत्मविश्वासाची कमतरता दिसते. घरी मी हिला कधी एवढं विचारल्याचं आठवत नाही. तशी गरज पडली नाही.

बाई आज वाईट खेळल्या. डॉक्टर म्हणाले, उद्या संध्याकाळी खालच्या निम्म्या खेळाडू बाहेर पडतात, त्याला कट म्हणतात. म्हणजे कन्या रविवारऐवजी उद्याच मोकळी! मी कोणाचं वाईट चिंतत नाही. बाईंनी फक्त चांगलं खेळू नये, एवढंच वाटतं.

संकल्प: पहाटे फिरणे. (दिवसभर चाललो ते धरलेलं नाही.)

१३ मार्च, शुक्रवार

पोट दुखतं आहे, पण जे घडलं ते लिहिलंच पाहिजे.

बीपीच्या गोळ्या घरी विसरलो. तरी सकाळपासून मन शांत होतं, कारण बाई काठावर होत्या. शेवटच्या होलला डॉक्टरांनी हिशोब मांडला: इथे चार फटक्यांत चेंडू आत गेला तर बाई राहिल्या, पाच लागले तर गेल्या. मी म्हटलं, बघू या. मनात इंटरव्ह्यूला ती कुठला ड्रेस घालेल याचा विचार चालू होता.

तळ्याच्या काठी एका झाडाची सावली होती. तिथे उभा राहिलो. दोरीच्या बाहेरच. नियम मी पाळतो.

बाईंचा दुसरा फटका गेला तो थेट तळ्याच्या दिशेने. माझं काम झालं, असं वाटलं. तेवढ्यात कोणीतरी 'फोर!' असं ओरडलं. म्हणजे चेंडू येतोय, जपा. आजूबाजूचे सगळे डोक्यावर हात धरून खाली बसले. मी एकटा ताठ उभा राहिलो आणि वळलो. कोणी ओरडलं की कोण ओरडलं ते बघायचं, ही माझी नोकरीची सवय आहे.

कन्या ओरडली होती. आवाज माझ्यावर गेलाय. इतक्या लांबून एवढा स्वच्छ, खणखणीत. हे लक्षात येऊन मला बरं वाटतंय न वाटतंय तोच चेंडू जमिनीवर एक टप्पा खाऊन माझ्या पोटावर आदळला.

आणि बुटापाशी पडून राहिला. पुढे उतार, उतारानंतर पाणी.

कोणाची वस्तू आपल्याजवळ आली तर ती उचलून परत द्यावी. मी वाकलो.

हात लावू नका! अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं.

मी तसाच वाकलेला राहिलो. आठ महिन्यांनंतर मुलगी माझ्याशी बोलली ते हे पहिले शब्द.

मग लोक बाजूला झाले आणि ती बॅग घेऊन आली. एकदम ऑफिशियल. विचारलं, सर, लागलं का? मी म्हटलं, नाही मॅडम. दोघांचेही चेहरे सरळ. मग तिने बॅगेच्या कप्प्यातून पाण्याची बाटली काढून दिली आणि ओठ न हलवता विचारलं, गोळी घेतली का सकाळी? मी म्हटलं, हो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही. म्हणाली, आता सावलीत बसा आणि हलू नका.

मी बसलो.

नियमाप्रमाणे चेंडू जिथे थांबला तिथूनच खेळायचा, दंड नाही. बाईंनी तिला विचारलं. ती गवतावर जवळजवळ आडवी झाली, एका डोळ्याने उतार पाहिला, एक काठी काढून दिली. बाईंनी हलकेच मारलं. चेंडू होलपासून हातभर अंतरावर. मग आत. चार.

टाळ्या. माझेही हात वाजत होते, ते मला नंतर कळलं.

बाई स्वतः आल्या. प्रेक्षकाला चेंडू लागला की सही केलेला हातमोजा द्यायची पद्धत आहे. मला मिळाला. डाव्या हाताचा आहे, मला होत नाही. डॉक्टर म्हणाले, अहो, तुमचं पोट नसतं तर बाई आज घरी गेल्या असत्या!

म्हणजे मी पोटाने माझाच प्लॅन हाणून पाडला. मात्र यात पोटाचा दोष नाही. मी काठावर पुरेसा मागे उभा नव्हतो.

१४ मार्च, शनिवार

बाई आज बऱ्या खेळल्या. मी नाराज होतो, पण एकदा चेंडू वाळूत गेला तेव्हा माझ्या तोंडून 'अरे अरे' निघालं. पाटीवाली लगेच हजर. आता ती माझ्यासोबतच चालते.

डॉक्टर दिवसभर कॅडीचं कौतुक करत होते. म्हणाले, पोरगी बघा, बाई चिडली तरी ही चिडत नाही, कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं ते हिला बरोबर कळतं. मी म्हटलं, संस्कार. त्यांनी विचारलं, ओळखता का? मी म्हटलं, बघून माहीत आहे. ते म्हणाले, हिच्या वडिलांना मानलं पाहिजे, कोण पाठवतो हो मुलीला असं बॅग उचलायला! मी म्हटलं, मोठ्या मनाचे गृहस्थ असणार.

पुढची दोन होल त्यांची घडीची खुर्ची मी उचलून नेली.

संध्याकाळी तिला गाठून इंटरव्ह्यूचं सांगणार होतो. मुद्दे पाठ केले होते. लांबून पाहिलं तर ती एकटीच एका बादलीशी बसून ब्रशने काठ्या घासत होती आणि गुणगुणत होती. लहानपणी बाहुलीचं घर पुसताना गुणगुणायची, तसंच. वेळ योग्य वाटली नाही. उद्या नक्की.

ते बाहुलीचं घर मी दहावीच्या वर्षी माळ्यावर टाकलं होतं.

१५ मार्च, रविवार. परतीच्या बसमध्ये, अक्षर हलतंय

बाई क्रमवारीत मधे कुठेतरी आल्या. कप वगैरे नाही. तरी शेवटचा चेंडू आत गेल्यावर बाईंनी आमच्या मुलीला मिठी मारली आणि डॉक्टर डोळे पुसायला लागले. मी गॉगल काढला नाही. ऊन होतं.

डॉक्टरांना सांगून टाकलं. ती माझी मुलगी आहे. ते म्हणाले, माहीत आहे हो, परवा 'हात लावू नका' म्हटल्याबरोबर तुम्ही ज्या पद्धतीने थांबलात, तसं माणूस स्वतःच्या मुलीचंच ऐकतो.

खेळाडूंच्या भागाच्या फाटकावर गार्डने अडवलं. म्हटलं, मला आत भेटायचंय. त्याने विचारलं, तुम्ही कोणाचे? अठ्ठावीस वर्षं हा प्रश्न मी व्हरांड्यात भटकणाऱ्या मुलांना विचारतो. मी म्हटलं, कॅडीचा. त्याने विचारलं, म्हणजे? मी म्हटलं, वडील. मग त्याने सोडलं.

ती बॅग आवरत होती. वर न बघता म्हणाली, बाबा, ती टोपी काढा आता, पहिल्या दिवशी पहिल्या होलपासून डोळ्यात खुपतेय. मी विचारलं, ओळखलं होतंस? म्हणाली, मीच आईला सांगितलं होतं, लांबून दिसेल असा रंग घे. गर्दीत तुम्ही सापडला नसतात तर सगळा वेळ तुम्हालाच शोधत बसले असते.

मग म्हणाली, पास पण मीच पाठवले होते. दोन. आईने दुसरा कपाटात ठेवला. ती म्हणाली, मुलीने बोलावलंय म्हटलं तर जाणार नाहीत, फुकट मिळालंय म्हटलं तर जातील.

मी म्हटलं, मला संशय आलाच होता. (आला नव्हता.)

तिने विचारलं, काही सांगायचं होतं का तुम्हाला? तीन दिवस नुसते पाठ केल्यासारखे ओठ हलवताय. मी पाठ केलेले मुद्दे आठवून पाहिले. म्हटलं, ते गवत उडवून बघतेस, त्यातून नक्की काय कळतं?

तिने सांगितलं. हातवारे करून, बराच वेळ. मी मधे बोललो नाही. मला वाटतं, असं पहिल्यांदाच झालं. ती तरी दोनदा थांबली, मी आता बोलेन म्हणून.

तिला तिथूनच पुढच्या स्पर्धेला जायचं होतं. टॅक्सी आली. बाप या नात्याने बॅग मी उचलली. कंबरेत काहीतरी कट् झालं. तिने एका हाताने ती माझ्या खांद्यावरून काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने मला धरून बाकावर बसवलं.

१६ मार्च, सोमवार

अंथरुणात. शाळेत 'व्हायरल' कळवलं आहे.

साडेअकराला ट्रस्टींचा फोन आला. मुलगी कुठे आहे, माणसं खोळंबली आहेत. मी म्हटलं, ती यायची नाही, तिला काम आहे. त्यांनी विचारलं, कसलं? मी म्हटलं, कॅडी आहे. ते म्हणाले, म्हणजे काय? मी सांगायला घेतलं. वारा, गवत, उतार, कट. फोन केव्हा बंद झाला ते कळलं नाही.

यंदाचं मुख्याध्यापकपद बहुतेक गेलं. नाहीतरी त्यात फार बसून राहावं लागतं.

हिला म्हटलं, तू मला फसवलंस. ही म्हणाली, हो, आणि कंबरेला मलम लावत राहिली. हातमोजा शोकेसमध्ये ठेवला आहे. काच नसल्यामुळे छान दिसतो.

दुपारी मुलीचा मेसेज आला. मला, आईला नाही. 'बाबा, एप्रिलमध्ये आणखी एक स्पर्धा आहे. दोन पास पाठवतेय, आईलाही आणा. तिथेही शेवटच्या होलला तळं आहे. मॅडम विचारतायत, तुम्ही काठावर उभे राहाल का?'

त्यापुढे हसरा चेहरा होता. पण अशा गोष्टी कोणी गमतीत विचारत नाही.

पहाटे फिरण्याचा संकल्प तूर्त रद्द. पोट कमी करून चालणार नाही.