पाण्यातलं शिसं

अब्बा, तुम्ही माझ्या कॉलेजात एकदाच आलात, ॲसिडनं भोकं पडलेला सदरा तसाच अंगात ठेवून. जुन्या जालन्यातल्या आपल्या अंगणात तुम्ही ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचात, जुन्या प्लेटांचं शिसं वितळवायचात, आणि भट्टीची राख विहिरीच्या कडेला टाकायचात. आपण आणि शेजारची चार घरं तेच पाणी प्यायचो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सरांनी प्रत्येकाला एकेका विहिरीचं पाणी आणायला सांगितलं. माझ्या बाटलीत शिसं निघालं. "कुणाची विहीर?" सरांनी विचारलं. मी म्हणाले, "भोकरदनच्या ओळखीच्यांची." घरी येऊन मात्र तुम्हाला सगळं खरं सांगितलं. वाटलं, रागवाल. तुम्ही हात धुतले आणि एवढंच म्हणालात, "मेरेकू दिखा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रयोगशाळेत स्टुलावर बसलाय, पाठ ताठ. केसासारख्या बारीक काचेच्या नळीतून पारा थेंब थेंब आपल्या विहिरीच्या पाण्यात पडतोय. सर विजेचा दाब हळूहळू वाढवतात, शेजारी कागदावर पेन रेघ ओढत जातं. "प्रत्येक धातूची एक जागा ठरलेली असते," सर सांगतात. "तेवढा दाब आला की तो पाऱ्याला बिलगतो, आणि पेन वर चढतं." पेन चढलं, जिन्याच्या पायरीसारखं.

"सर, हे शिसंच कशावरून?" तुम्ही विचारलंत. सरांनी त्याच पाण्यात शिशाच्या क्षाराचा एक थेंब टाकला आणि पुन्हा यंत्र सुरू केलं. पेन नेमकं त्याच जागी चढलं, फक्त आणखी उंच. तुम्ही कागदावर वाकलात, बोट लावायला धजावला नाहीत. "सुभानअल्ला," तुम्ही पुटपुटलात. "तीस वर्षं शिशात हात घालून राह्यलो सर, पाण्यातलं मला कधी दिसलं न्हाई. ह्या एवढ्याशा पाऱ्याच्या थेंबाला दिसलं." मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "विहीर भोकरदनची न्हाई. आमचीच हाय."

त्या संध्याकाळी तुम्ही चारही दारांवर स्वतः गेलात. "पाणी पिऊ नका. कसूर माझा हाय." एका घरानं बोलणं टाकलं, ते कायमचंच. भट्टी तुम्ही गावाबाहेर नेलीत, आणि विहिरीवर फळ्या ठोकल्यात.

पुढं मी जन्मभर हेच काम केलं. यंत्रं बदलली, पारा गेला, पण रेघ वर चढू लागली की अजून अंगावर काटा येतो. हे मराठीत लिहितेय, तुम्ही गेल्यावर; तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि पुढचं मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुम्हाला ऐकवायचं नव्हतं. शेवटच्या वर्षांत तुमचे हात थरथरायचे, कप बशीवर वाजायचा. तुमच्या रक्तातलं शिसं मोजायची सोय माझ्याच टेबलावर होती, अब्बा. मी मोजलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.