गोठ्याच्या भिंतीवर कोण आहे

अण्णा,

लिहायला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्ही होता तेव्हा आपण एकाच ओट्यावर बसायचो, पत्राचं कामच पडलं नाही. आणि बाप गेल्यावर त्याला लिहायचं ते कुठं, हे मला कोण सांगणार? पण परवापासून घास उतरत नाही, आणि ही गोष्ट तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखी नाही.

तुमची पणती, म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, हिंजवडीला कंप्युटरच्या ऑफिसात होती. न्यायला एसी गाडी यायची. ती नोकरी सोडून आली आणि म्हणाली, आता मी उजेडाचं काम करणार. मला वाटलं, वायरमन होतेय की काय. तर तसं नाही. चित्रकार रंग लावतो तशी ही उजेड लावते. अंधाऱ्या खोलीत दिवे, आरसे, काचा मांडते आणि माणसं ते बघायला येतात. पुण्यात, मुंबईत तिची कामं लागलीत म्हणे. मी चौथीत नापास झालो तेव्हा भाताच्या खाचरात उभं राहून तुम्ही म्हणाला होता, "काय उजेड पाडलास रं?" आता गावात कुणी नातीचं विचारलं की शेजारचा म्हातारा माझ्या आधी बोलतो, "पाडती की, उजेड पाडती! ह्येंच्या घराण्यात कुणीतरी पाडायलाच पायजे हुता." आणि हसून हसून खोकतो.

तिनं आपला गोठा मागून घेतला. गुरं केव्हाच गेली, आजूबाजूला शनिवार-रविवारचे बंगले झाले, मुलाला तिथं भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. मी तिला दिला खरा, पण जीव टांगणीला लागला. जुन्या वायरी, वर वाळकं लाकूड. रोज दारात जाऊन ओरडतो, "पोरी, जळंल कायतरी!" आतून ती म्हणते, "आबा, एलईडी आहे, गरमसुद्धा होत नाही. तुम्हीच तेवढे तापताय."

परवा दुपारी तिनं मला हाताला धरून आत नेलं. खिडक्यांना गोणपाट लावलेलं. मधोमध आपलीच अडगळ रचलेली, मोडकं जू, बैलांच्या मुसक्या, इरल्याचा सांगाडा, दोरखंड. मी म्हटलं, "ह्ये भंगारवाल्याला द्यायचं ऱ्हायलं का?" खाली वाकून तिनं एक दिवा लावला.

अण्णा, भिंतीवर तुम्ही बसला होता.

वाकलेली पाठ, गुडघ्यांभोवती हात, जरा डावीकडं कललेली मान, नाकाचा तो बाक. तुमचा फोटो कधी नव्हताच, फोटोनं आयुष्य घटतं म्हणून माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही उठून गेला होता. ही पोर तर तुमच्या माघारी कितीतरी वर्षांनी जन्मली. चपला काढल्या, टोपी सावरली आणि जमिनीवर डोकं टेकलं. "अण्णा, तुमी कवा आलात?" असं तोंडातून गेलं ते सूनबाईनं बाहेरून ऐकलं आणि ती धावत आली. मी शेजारच्याला हाक मारली. तोही बघतच राहिला. "आयला, थेट म्हातारा!" म्हणाला आणि त्यानं हात जोडले.

पोर हळूच म्हणाली, "आबा, हे पणजोबा नाहीत. हे तुम्ही आहात. सकाळी ओट्यावर उन्हात बसता ना, तेव्हा मागच्या भिंतीवर तुमची सावली पडते. ती मी खडूनं आखून घेतली आणि दिव्यापुढं तशीच पडेल अशी ही अडगळ रचली. सरप्राईज द्यायचं होतं."

मी माझ्याच पाया पडलो होतो. शेजारच्याला तेवढंच पाहिजे होतं. "गड्या, सोताला दंडवत घालणारा तू पयलाच!" सगळे हसले, मीही हसलो. पण ते हसू ओट्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

कारण त्यानंतर तुमचा चेहरा आठवायला बसलो, तर ती सावलीच समोर येते. दुसरं काही येतच नाही. गाय अडली होती ती आषाढातली दुपार आठवते. गोठ्यात अंधार, मी कंदील धरलाय आणि तुम्ही खेकसता, "माज्या तोंडावर काय धरतुयास? तिकडं धर, गाईकडं!" मी उजेड वळवतो. वासराचं ओलं कपाळ दिसतं, गाईचे डोळे दिसतात, तुमची रक्तानं भरलेली बोटं दिसतात. तुम्ही दिसत नाही. चुलीपुढचे तुम्ही आठवून बघितले, तर तोंड जाळाकडं आणि माझ्याकडं पाठ.

रविवारी ती लोकांना बघायला बोलावतेय. भिंतीशेजारी नाव लावायचंय. "आबा, तुमचं लिहू की पणजोबांचं? तुम्ही म्हणाल ते," म्हणते. मी "उद्या सांगतो" म्हणून टाळतोय. तुमचं लिहिलं आणि तुम्ही तसे नव्हताच, तर लोक तुमच्या नावानं मलाच बघतील, आणि मीही तेच खरं धरून बसेन. माझं लिहिलं, तर तुम्ही कुठंच उरत नाही.

हे पत्र पौडच्या पोस्टात टाकलं तर पोस्टमन हसेल, म्हणून उशाखाली ठेवतोय. तुमचा चेहरा मला आठवत नाही, हे मी पोरीला सांगितलेलं नाही, सूनबाईलाही नाही. नाक तुमचं असंच होतं का, एवढंच विचारायचंय. स्वप्नात येऊन सांगा, कसंही सांगा, पण रविवारच्या आत कळवा.