कपाट, बाथरूम आणि 'अ‍ॅडजस्ट' करणे

चि. सौ. छकुलीस दादाचे भरघोस आशीर्वाद.

तुझे गुडघे आहेत तेवढेच कुरकुरत असोत, आणि मेहुण्यांचा खोकला शेजाऱ्यांना झोपू देत असो. (गेल्या पत्रात तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस.) मी ठणठणीत आहे, पण भयंकर संतापलो आहे.

शाळेतल्या कवितांच्या पुस्तकांचं माझं कपाट खिडकीशी होतं, आठवतं ना? सकाळी पाठीवर ऊन घेत मी ती झऱ्याची कविता काढायचो आणि तासभर चौथीच्या वर्गात जाऊन बसायचो. गेल्या महिन्यात तिथे चालण्याचं यंत्र आलं. (घरात जागच्या जागी चालायचं! बाहेरचे रस्ते काय धुवायला टाकलेत?) कपाट गेलं थेट बाथरूमच्या दाराशी. चिरंजीव म्हणाले, "बाबा, जरा अ‍ॅडजस्ट करा ना." पंखा, टीव्हीचा आवाज, जेवणाची वेळ, कशावरूनही हे क्रियापद या घरात निघतं आणि दरवेळी माझ्याच अंगावर येतं. म्हटलं, एकदा याचं कुळ शोधूच. शब्दकोश त्याच कपाटात, आणि वाफेने दार फुगलेलं! ओढाओढ केली तेव्हा कुठे उघडलं.

ऐक. मूळ शब्द लॅटिन, अर्थ 'जवळ'. म्हणजे अ‍ॅडजस्ट करणे म्हणजे मुळात जवळ आणणे! 'योग्य बसवणे' वगैरे फ्रेंचांनी मागाहून मिसळलं. वापराची उदाहरणं आहेत घड्याळाची, चष्म्याची, पट्ट्याची. वडिलांचं एकही नाही.

हे मी जेवताना सर्वांना ऐकवलं. सूनबाई म्हणाली, "मग बरोबरच झालं की, बाबा! कपाट बाथरूमजवळ, तुम्ही कपाटाजवळ." नात ठसका लागेपर्यंत हसली. मी रागाने पेला आपटला. (प्लास्टिकचा निघाला. आवाजसुद्धा झाला नाही.)

छकुले, थट्टा राहू दे. चौथीच्या पुस्तकाची पानं फुगून लाटांसारखी झालीत. एकाच पुस्तकावर डोकी टेकवून आपण पाठ करायचो, तू डावं पान, मी उजवं, ते हे पुस्तक! तुझं पान आता सुटायला आलंय. आणि त्या यंत्रावर अजून कुणी पाऊल ठेवलेलं नाही, टॉवेल तेवढे वाळतात.

तुझा,
दादा

ता. क. रविवारी कपाट घेऊन टेम्पो येईल. ते तुझ्या खिडकीशी लाव. ड्रायव्हरशेजारी मी असेन.

पुन्हा ता. क. त्या खिडकीत मेहुण्यांची आरामखुर्ची आहे, हे मी विसरलेलो नाही. त्यांना म्हणावं, जरा अ‍ॅडजस्ट करा.