पाठीच्या व्यायामाला गेले आणि भिंतीवर लागले

आखेन,
शुक्रवार, दुपारची कॉफी झाल्यावर

लाडक्या आल्डेगुंड,

तुला आणि तुझ्या त्या आखूडपायी कुत्र्याला माझं खूप खूप प्रेम. गुडघा कसा आहे? सीमेपलीकडे ऑयपनला तुमच्याकडे थंडी सुरू झाली का? मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण मी बरी नाही. हे पत्र खुर्चीत बसून वाच आणि हाताशी पाणी ठेव. काल सकाळी मी बेकरीत राय धान्याच्या काळ्या पावासाठी रांगेत उभी होते, आणि समोरच्या भिंतीवर, चर्चच्या मासळीच्या जेवणाच्या सूचनेशेजारी, मी आडवी पडलेली होते.

हो, मीच. अनवाणी, डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. खाली मोठ्या अक्षरांत ‘भार’, आणि त्याखाली ‘आधुनिक नृत्याचा नवा प्रयोग’. काउंटरमागून प्लूमबाई ओरडल्या, “अगं बाई, लेनार्ट्झबाई, तुम्ही नाचता? आणि आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत!” माझ्या मागेच आपले फादर उभे होते. त्यांनी पोस्टर नीट वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन गोड बन मागितले. (एरवी ते एकच घेतात.) मी पाव न घेताच बाहेर पडले. आता येत्या मंगळवारपर्यंत मला त्या नाटकवाल्यांना हो की नाही ते कळवायचं आहे. मी नाहीच म्हणणार आहे. पण तू आधी सगळं ऐक, म्हणजे तुलाही पटेल.

झालं असं, की माझ्या पाठीसाठी डॉक्टरांनी व्यायामाचा वर्ग सांगितला. खर्च आरोग्य विमा देतो. वर्ग छत्र्यांच्या जुन्या कारखान्यात. (तुझ्या आईची ती निळी, लाकडी मुठीची छत्री तिथलीच होती, आठवतं? दारातून आत गेलं की मेणकापडाचा वास यायचा. आता लाकडी फळ्यांचा आणि कुणाच्या तरी सूपचा येतो.) पाठीचा वर्ग असतो वरच्या मजल्यावर, आणि खाली असतं ते नाट्यगृह, ज्यांना सरकारी थिएटरात कुणी उभं करत नाही अशा मंडळींचं. मी नेहमीप्रमाणे वेळेच्या आधी पोचले, खालच्या हॉलचं दार उघडं होतं, आत मोजे घातलेली माणसं जमिनीवर अंग ताणत होती. आता सांग, मी काय समजायचं? मी पुढच्या बाजूला चांगली जागा बघून टॉवेल अंथरला आणि पडले.

तेवढ्यात एक दांडगा गृहस्थ माझ्या टॉवेलवर पाय देऊन पलीकडे गेला. मी म्हटलं, “अहो, दिसत नाही का? टॉवेल टाकलाय म्हणजे जागा घेतलेली आहे!” तो म्हणतो, “बाई, तुम्ही समुद्रावर आलात का? मी जन्मभर बस चालवली आहे. जागेवरून भांडणारे चेहरे मला आरशातूनसुद्धा ओळखू येतात.” हे ब्रॉयर. आमची चांगलीच जुंपली. डोक्याचा चकोट केलेली एक तिशीची मुलगी टाळ्या वाजवत धावत आली आणि म्हणाली, “थांबू नका! हेच! मला हेच हवं होतं!” ही जोरिंड, नाच बसवणारी. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “तू किती खरी आहेस गं.” गं! माझ्या समोरच्या दारातल्या क्लिंकेनबर्गबाईंना मी त्यांचं लग्न झाल्यापासून अहो-जाहो करते आहे. त्यांनी अजून मला ‘अगं’ म्हणायची परवानगी मागितलेली नाही, आणि मागितली तर मी विचार करून सांगेन.

तरीही मी राहिले. रांगायला सांगितलं, रांगले. गुरगुरायला सांगितलं, थोडं गुरगुरले. विमा पैसे देतो आहे म्हणजे काहीतरी शास्त्रीयच असणार, असं मी मनाशी म्हटलं. एका तालमीला (मी तिला अजून उपचारच समजत होते) एका तरुणानं सगळे कपडे उतरवले. त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही, सॉनात, त्या गरम लाकडी खोलीत उघड्या अंगानं बसून, आपण कुणाकुणाला पाहिलेलं नाही? आपल्या शाळेच्या गणिताच्या सरांनासुद्धा पाहिलं आहे. पण आल्डेगुंड, तो मुलगा तसाच लाकडी बाकावर बसला. खाली टॉवेल न घालता! मी उठून त्याला माझा दिला. जोरिंडनं तेही नाचात ठेवलं. फोटो काढायला माणूस आला तेव्हा मला वाटलं, कण्याची प्रगती टिपून घेत असतील. आणि दर वेळी निघताना मी हजेरीचा शिक्का मागायचे, सगळे हसायचे, आणि जोरिंड तिकिटांवर मारायचा छत्रीचा शिक्का मारून द्यायची. विमा कचेरीनं आजवर एकही नाकारलेला नाही.

आता जे लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव. ब्रॉयर आणि मी पाठीला पाठ लावून उभे राहायचो आणि हळूहळू एकमेकांवर रेलायचो. तिथे त्याला वजन देणं म्हणतात. पहिल्यांदा मी घाबरून ताठ झाले. (शाळेतली सिस्टर युस्टोकिया आठवते ना? आपण मुली-मुलीच नाचायचो, तरी दोघींमध्ये प्रार्थनेचं पुस्तक उभं मावेल एवढं अंतर राखायला लावायची. तू उंच म्हणून कायम मुलगा व्हायचीस आणि ते पुस्तक हळूच बगलेत मारायचीस.) ब्रॉयर मागून म्हणाले, “या बाई, या. भरलेली बस उभी ठेवलीय मी चढावर.” मी रेलले. हेरिबर्ट गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून मला हात लावतात ते फक्त केस कापणारी आणि डॉक्टर. त्या दिवशी घरी येऊन मी कोट न काढता बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले.

असो. काल बेकरीतून मी तडक कारखान्यात गेले आणि जोरिंडला जाब विचारला. ती म्हणाली, “अगं, पण तूच तर रोज सगळ्यांच्या आधी येतेस! पाठीचा वर्ग वर असतो, तिथे कधी गेलीच नाहीस?” वर त्यांनी माझं नाव केव्हाच खोडलं होतं. आणि दुसरा धक्का म्हणजे, ब्रॉयर बागेत सफरचंदं काढताना शिडीवरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. जोरिंड म्हणाली, “मंगळवारपर्यंत दुसरं कुणी आण, नाहीतर तुमचा तो प्रसंग मी काढून टाकते. नाचता येणारं नको. ज्याच्यावर तू सगळं अंग टाकशील असं कुणी.” म्हणजे बघ, पाठदुखीच्या बाईकडून काय अपेक्षा!

तेव्हा मी नाही म्हणणार हे नक्की. या वयात, या शहरात, फादरांच्या देखत! तूही हेच सांगशील, मला खात्री आहे. कुत्र्याच्या कानामागे माझ्या वतीनं खाजव, गुडघ्याला गरम शेक दे आणि मला वेडी म्हणून एकदा मोठ्यानं हस.

तुझीच, अजून धक्क्यात असलेली
नोटबुर्गा

ता. क. नकाराचं पत्र लिहून झालं आहे. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा पाकीट घरात नव्हतं.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं तर कुणी आहे का म्हणून जोरिंडनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं होतं. विचार करायच्या आतच. तुझ्या गुडघ्याचंही मी प्रामाणिकपणे सांगितलं. ती म्हणाली, “वा, छान!” (तिथे कशालाही छान म्हणतात.) तालीम मंगळवारी चारला आहे. तुमच्याकडची बस कारखान्याच्या दारातच थांबते. आज सकाळी इस्पितळात भेटायला गेले तेव्हा ब्रॉयर म्हणाले, तुला सांगायला, ड्रायव्हरच्या मागची जागा धर, तिथे हादरे कमी बसतात. कुत्र्यालाही आणलंस तरी चालेल, मी विचारलं आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. मी जड आहे का, असं विचारशील. मला माहीत नाही गं. हेरिबर्टनंतर मी कुणावर सगळं वजन टाकलेलंच नाही, ब्रॉयरांवरसुद्धा अर्धंच. तेव्हा किती भरेल ते मंगळवारी तुलाच आधी कळेल.