तिसऱ्या गाण्यातली शांतता

अब्बा, लग्नसराईत सकाळी तुम्ही क्लॅरनेटची रीड, ती वेताची पट्टी, तोंडात भिजत धरायचात आणि समोरचा चहा निवून जायचा. अम्मी म्हणायची, "आधी चहा घ्या, वाजंत्री कुठं पळून चाललीय?" तुम्हाला बोलता यायचं नाही, नुसत्या भुवया उडवायचात. मी वेणी घालता घालता हसायचे.

तुमच्या नातीच्या रॉक बँडचा पहिला अल्बम आलाय, मोठ्या कंपनीनं काढलेला. गिटारी, ड्रम, आणि ती घसा फाडून गाते. तुम्ही कानांवर हात ठेवले असते आणि तरी शेवटपर्यंत ऐकलं असतं. तिसऱ्या गाण्यात मध्येच सगळं थांबतं. आठ पावलं टाकावीत इतका वेळ काहीच नाही. मग एकटा ड्रम हळू सुरू होतो, त्याच्यामागून बाकीचे. परीक्षण लिहिणाऱ्याला हे कुठल्याशा विलायती बँडकडून उचललेलं वाटलं. मी स्वयंपाकघरात ऐकत होते. गॅस बंद करून खाली बसले.

जुन्नरात दुखवट्याच्या घरावरून वरात जाताना तुम्ही हात वर करायचात आणि तुमचा बँड असाच थांबायचा. वऱ्हाडी ओरडायचे, "ओ मास्तर, दम लागला का? वाजवा की राव!" तुम्ही म्हणायचात, "त्या घरातलं माणूस गेलंय, पावणं. आठ पावलं गुमान चाला." नात चार वर्षांची असताना हेच तुम्ही तिला डब्यावर बोटं वाजवून शिकवलंत.

परवा तिचा फोन आला. "मम्मी, सगळे विचारतात हे कुठून आलं. मी नानांचं नाव सांगणार आहे. ते फक्त मयतीच्या घरापुढंच वाजवणं थांबवायचे ना गं?" मी हो म्हटलं.

एकदा वरात आमच्या कॉन्व्हेंटपुढून जातानाही तुम्ही वाजवणं थांबवलं होतंत. मी नववीत, मैत्रिणींबरोबर फाटकात उभी. तुमचा बँडचा लाल कोट दिसला आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तुम्ही ते पाहिलंत. हात वर गेला. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत वरात मुकी चालली. संध्याकाळी अम्मीनं विचारलं, तर म्हणालात, "पोरींची परीक्षा व्हती." परीक्षा नव्हती, अब्बा.

आता मी आवराआवर करतेय. क्लॅरनेट नारायणगावच्या तुमच्या ट्रम्पेटवाल्याच्या मुलाला. तो अजून लग्नांत वाजवतो. लाल कोट लेकीच्या बँडमधल्या ड्रमवाल्या मुलीला. तिनं दोनदा मागितलाय, बाह्या आखूड झाल्या तर होऊ देत. तुम्हाला लिहिलेले हे कागद लेकीला, पण मी गेल्यावर. तोंडावर सांगायची हिंमत नाही. त्या दिवशी फाटकात मैत्रिणीनं विचारलं होतं, "ते तुझ्याकडं का बघतायत?" मी म्हटलं होतं, "कोण जाणे."